डेकखाली स्कंक राहायला आलंय: न मारता कसं घालवायचं?

डेकवाला

मुक्काम मध्य न्यू जर्सी. घरामागे १२ बाय १६ फुटांचा लाकडी डेक, म्हणजे उघडा ओटा, आहे, १६ फुटांची एक बाजू घराच्या भिंतीला टेकलेली. डेक जमिनीपासून जेमतेम दीड फूट उंच, त्यामुळे खाली शिरून बघता येत नाही. कडेची लॅटिस (लाकडी पट्ट्यांची जाळी) एका कोपऱ्यात मोडलीय आणि तिथेच मातीत भोक पडलंय, हाताची मूठ सहज जाईल एवढं. मेच्या मध्यापासून अंधार पडला की एक स्कंक (घाण वासाचा द्रव फवारणारा, मांजराएवढा काळा-पांढरा प्राणी) तिथून बाहेर निघतं आणि उजाडायच्या आत परत येतं. अजून फवारलेलं नाही, पण त्या कोपऱ्यात हलका उग्र वास येतो. लॉनमध्येही जागोजागी खड्डे दिसायला लागलेत.

घरात कुत्रा आहे, लहान मूल आहे. त्या प्राण्याला मारायचं मात्र अजिबात नाही. आतापर्यंत मिळालेले सल्ले: (१) भोकात डांबराच्या गोळ्या टाका. (२) रात्री ते बाहेर गेलं की भोक सिमेंटने बुजवा. (३) पिंजऱ्यात पकडा आणि दूरच्या पार्कात सोडून या. यातलं काय करावं? आणि कुत्र्यावर फवारलंच तर टोमॅटोचा रस खरंच चालतो का?

सुतारपक्षी

तिन्ही नकोत. दुसरा तर जूनमध्ये मुळीच नको.

स्कंकचा विणीचा हंगाम फेब्रुवारी-मार्च. पिल्लं होतात मे ते जूनच्या सुरुवातीला, बहुधा चार ते सात. त्यांचे डोळे उघडायलाच तीनेक आठवडे लागतात आणि सहा-आठ आठवड्यांची झाली की ती आईमागे ओळीने बाहेर पडू लागतात. मेच्या मध्यापासून एकच जनावर नेमाने ये-जा करतंय, म्हणजे ती मादी असावी आणि आत पिल्लं असावीत असंच धरून चाला. भोक बुजवलंत तर पिल्लं आत उपाशी मरतील, आई बाहेरून डेकची कड उकरत राहील, आणि नंतरचा वास काढायला डेकच्या फळ्या उचकटाव्या लागतील. तेव्हा जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो कोपरा उघडाच ठेवायचा. पिल्लं हिंडती झाली की अनेकदा हे बिऱ्हाड आपणहून हलतं. हलेपर्यंतच थांबणं परवडत नसेल तर दिवसा भोकाच्या तोंडाशी दिवा आणि बोलक्या स्टेशनवर लावलेला रेडिओ ठेवा. मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते. यात खात्री नाही, आणि तिला दोन-चार रात्री तरी द्याव्या लागतात.

तोवर बाकीचं काम उरकून घ्या. डेकच्या तीन उघड्या बाजू मिळून १२ + १६ + १२ म्हणजे ४० फूट. त्यासाठी:

– अर्ध्या इंचाच्या चौकोनांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी, ज्याला इथे हार्डवेअर क्लॉथ म्हणतात. १९ गेज चालते, १६ गेज उत्तम (आकडा लहान तितकी तार जाड). ३ फूट रुंद, ५० फुटांचा रोल पुरतो.
– सव्वा इंची हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्क्रू आणि मोठे वॉशर. प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या) लाकडात तांबं असतं, साधे झिंक लावलेले स्क्रू त्यात काही वर्षांत गंजून तुटतात.
– जाळी कापायची कात्री, बांधायची तार, जाड हातमोजे. कापलेल्या जाळीच्या टोकांनी हात चिरतात.

खणण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन. तो फुकट असतो, पण किमान तीन कामाचे दिवस आधी करावा लागतो. गॅस आणि केबल कुठून गेलीय ते ते लोक येऊन रंगाने आखून देतात. खड्डा एक फूटच खोल असला तरी हे टाळू नका, केबलवाल्यांच्या वायरी बऱ्याचदा त्याहूनही वर असतात.

मग डेकच्या कडेने एक फूट खोल आणि एक फूट रुंद चर. जाळीचा वरचा फूट डेकच्या बाहेरच्या आडव्या तुळईला लावायचा, मधला फूट चरात उभा सोडायचा, शेवटचा फूट चराच्या तळाशी बाहेरच्या दिशेने आडवा वळवायचा. बाहेरच्या दिशेने, हे महत्त्वाचं. प्राणी भिंतीला चिकटूनच उकरायला लागतो, खाली जाळी लागते, आणि फूटभर मागे सरून तिथून खणावं हे त्याला सुचत नाही. आत वळवलीत तर तो उभ्या जाळीला धरून खाली जातो आणि खालच्या कडेखालून आत शिरतो. तुळई आणि जमीन यांच्यात नऊ-दहा इंचांहून जास्त फट असेल तर ३ फुटी रोल अपुरा पडेल, ४ फुटी घ्या.

स्क्रू दर सहा इंचांवर, प्रत्येकाला वॉशर. नुसत्या स्टेपलगनच्या पिना पहिल्या हिवाळ्यानंतर सैल होतात. दोन तुकडे जुळतात तिथे सहा इंच एकमेकांवर घेऊन तारेने बांधा. कोंबड्यांची षटकोनी जाळी वापरू नका, ती मातीत लवकर गंजते आणि उकरणाऱ्या नखांपुढे टिकत नाही.

मुळं किंवा खडक लागून खणताच येत नसेल तर जाळी जमिनीवरच दोन फूट बाहेर पसरा, दर फुटाला लँडस्केपच्या लोखंडी पिना ठोका, वर तीन इंच खडी. गवत त्यातून वर आलं की पकड आणखी बसते.

बहुतेकांचं काम जिथे फसतं ती जागा म्हणजे डेकच्या पायऱ्या. पायऱ्यांखालची पोकळी डेकखाली उघडते आणि जाळी लावताना कुणाच्या ध्यानात येत नाही. दुसरी जागा, जाळी घराच्या भिंतीला भेटते तिथली दोन-तीन इंचांची फट.

काम दुपारी करा, भोकापासून सर्वांत दूरच्या टोकाकडून सुरू करा, ठोकाठोक न करता ड्रिल वापरा. कोपऱ्यालगतचे चार-पाच फूट शेवटासाठी राखून ठेवा.

टोरांटोकर

डांबराच्या गोळ्या अमेरिकेत कीटकनाशक म्हणून नोंदलेल्या आहेत. लेबलवर लिहिलेल्या वापराखेरीज, म्हणजे बंद पेटीतल्या कपड्यांखेरीज, त्या कुठेही टाकणं केंद्रीय कायद्याखाली बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी उघड्यावर त्यांची वाफ लगेच उडून जाते, स्कंक तसंच राहतं, आणि पांढऱ्या गोळ्या मात्र तुमच्या मुलाच्या आणि कुत्र्याच्या हाती-तोंडी लागतात. अमोनियाचे बोळेही नकोत. आई निघून जाऊ शकते, हलता न येणारी पिल्लं त्या वाफेत अडकतात. आणि अमोनिया टाकलेल्या जागी नंतर कुणी वास घालवायला ब्लीच ओतला तर विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो.

आता पिंजरा. मॅसॅच्युसेट्समध्ये वन्यप्राणी पकडून आपल्या आवाराबाहेर नेऊन सोडायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात लेखी परवानगीशिवाय तसंच. आमच्याकडे ओंटारियोत पकडलेला प्राणी २४ तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. न्यू जर्सीत पिंजऱ्याला हात लावण्यापूर्वी तुमच्या टाऊनशिपच्या ॲनिमल कंट्रोलला (प्राण्यांच्या तक्रारी बघणाऱ्या स्थानिक खात्याला) विचारा. स्कंक रेबीज पसरवणाऱ्या प्राण्यांत मोडतं, त्यामुळे याबाबतचे नियम सैल नसतात. आणि परक्या पार्कात सोडलेल्या प्राण्याला ना बीळ माहीत ना पाणी. शिवाय आई पिंजऱ्यात आणि पिल्लं डेकखाली, म्हणजे परत तोच घोळ.

रेबीजबद्दल एक नीट समजून घ्या. दिवसाउजेडी दिसलं म्हणजे पिसाळलेलंच असं नव्हे, पिल्लांची आई भुकेपोटी संध्याकाळी लवकर बाहेर पडते. झोकांड्या खाणं, मागचे पाय ओढणं, माणसावर किंवा कुत्र्यावर चालून येणं ही लक्षणं दिसली तर आत जा आणि ॲनिमल कंट्रोलला बोलवा. फवाऱ्यातून रेबीज होत नाही, तो लाळेतून, चाव्यातून होतो. कुत्र्याची झटापट झाली तर त्याची लस चालू असली तरी व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) लगेच फोन करा, बूस्टर द्यावा लागतो. माणसाला चावलं तर साबण-पाण्याने १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर.

डेकवाला

बाप रे, सिमेंटची गोणी गॅरेजमध्ये आणून ठेवली होती. आता जाळी मागवतो. जुलैअखेरीला नेमकं काय करायचं तेही सांगून ठेवा. एकतर्फी दार म्हणतात ते, म्हणजे बाहेर जाऊ देणारं पण परत आत येऊ न देणारं, घरी करता येतं का?

सुतारपक्षी

तयार मिळतं, आणि घरीही होतं. उरलेला कोपराही जाळीने बंद करा, फक्त भोकासमोर साधारण ८ बाय ८ इंचांची चौकट सोडा. चौकटीला बाहेरून, वरच्या कडेवर दोन बिजागऱ्यांनी त्याच अर्ध्या इंची जाळीची झडप टांगा. झडप चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी आणि खालून इंचभर मोठी हवी, म्हणजे ती बाहेरच उघडेल आणि आत ढकलता येणार नाही. खालच्या कडेला लोखंडी पट्टी बांधा, वाऱ्याने हलता कामा नये. खाली पाव इंचाची जरी फट राहिली तरी बाहेरचं स्कंक तिथे नख अडकवून झडप उचलतं. घरी केलेली दारं फसतात ती बहुतेक इथेच. जमीन ओबडधोबड असेल तर खाली एक सपाट फरशी टाका आणि झडप तिच्यावर टेकवा.

पहिल्या एक-दोन रात्री झडप काठीने उघडी धरून ठेवा, म्हणजे त्या वाटेने जायची सवय मोडत नाही. मग काठी काढा. पिल्लं आईमागे बाहेर हिंडताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय काठी काढायची नाही, तारीख काहीही असो. जुना फोन किंवा स्वस्तातला ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) लावून ठेवला तर हा प्रश्न एका रात्रीत सुटतो.

प्रयोगशाळा

टोमॅटोचा रस: नाही. त्या वासाला आपलं नाक थोड्या वेळात बधिर होतं, मग टोमॅटोचा वास तेवढा जाणवतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा, कुत्र्याला तसाच वास येत असतो.

स्कंकच्या द्रवात थायॉल वर्गातली गंधकाची संयुगं असतात आणि त्यांचेच थायोअसिटेट. थायॉल लगेच नाकात जातात. थायोअसिटेटला वास कमी, पण ती पाण्याशी हळूहळू विघटित होऊन पुन्हा थायॉल देतात. धुतलेला कुत्रा पावसात भिजला की परत घाण का मारतो, त्याचं कारण हे.

उपाय पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाचा, १९९३ सालचा:

– ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १ क्वार्ट (साधारण ९५० मिलि), ताजी बाटली
– खायचा सोडा पाव कप (बेकिंग पावडर नव्हे)
– भांडी घासायचा पातळ साबण १ ते २ चहाचे चमचे

उघड्या बादलीत कालवा आणि फेस येत असतानाच वापरा. सोड्यामुळे द्रावण अल्कधर्मी होतं आणि पेरॉक्साइड थायॉलचं ऑक्सिडीकरण करून त्यांचे बिनवासाचे, पाण्यात विरघळणारे क्षार करतं. साबण तेलकट थर सोडवतो. कुत्र्याला आधी पाण्याने भिजवू नका, तेल पसरतं. कोरड्या केसांतच, हातमोजे घालून, कातडीपर्यंत चोळा, पाच मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्याने भरपूर धुवा. मोठ्या कुत्र्याला दुप्पट माप लागतं. तोंडाला स्पंजने लावा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. डोळ्यांत स्कंकचा द्रव गेला असेल तर नुसतं पाणी. काळे केस थोडे तांबूस होऊ शकतात, टॉवेल जुना घ्या.

उरलेलं द्रावण बाटलीत भरून ठेवू नका. त्यातून ऑक्सिजन निघत राहतो आणि बंद बाटली फुटते. दुकानात हे तयार मिळत नाही त्याचं कारणही तेच. ३ टक्क्यांऐवजी केस रंगवायचं ६ किंवा १२ टक्क्यांचं पेरॉक्साइड घेणारे असतात, त्याने कातडी भाजते.

तोंडावर अगदी जवळून भरपूर मारा बसला असेल तर पुढचे दोन-तीन दिवस कुत्र्याकडे लक्ष ठेवा. क्वचित तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो. हिरड्या फिकट किंवा तपकिरी दिसल्या, लघवी गडद झाली, कुत्रा मलूल पडला, तर थेट व्हेट.

सध्या तरी अंधार पडल्यावर कुत्रा पट्ट्यानेच बाहेर न्या आणि आधी टॉर्च फिरवा. स्कंक एकदम फवारत नाही. पुढचे पाय जमिनीवर आपटतं, फुसफुसतं, शेपटी उभारतं, आणि मग अंग इंग्रजी यू अक्षरासारखं वळवून तोंड आणि ढुंगण दोन्ही तुमच्याकडे करतं. पाय आपटायला लागलं की हळूहळू मागे सरायचं. नेम दहा फुटांपर्यंत पक्का असतो. पट्टा ओढून आरडाओरडा केला की कुत्रा उलट पुढे झेपावतो.

हिरवळ

लॉनमधले खड्डे शंकूसारखे, तीन-चार इंचांचे असतील तर स्कंक. हिरवळीचे तुकडे सतरंजीसारखे गुंडाळून ठेवलेले असतील तर रॅकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला निशाचर प्राणी). दोघांनाही हव्या असतात हिरवळीखालच्या भुंग्यांच्या पांढऱ्या अळ्या. जपानी भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली, न्यू जर्सीतल्याच रिव्हरटनजवळच्या रोपवाटिकेत. तेव्हा तुमच्याकडे अळ्या आहेत यात नवल नाही.

ऑगस्टअखेरीला एक चौरस फूट हिरवळ तिन्ही बाजूंनी कापून उलटी करा आणि वरच्या दोन-तीन इंचांतल्या अळ्या मोजा. चार-पाच असतील तर सोडून द्या, निरोगी गवत तेवढं सोसतं. आठ-दहाच्या वर असतील तर हेटेरोरॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा या जातीचे सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत) मागवा आणि फवारा. ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरची सुरुवात, सूर्य मावळल्यावर, आधी आणि नंतर जमीन भिजवून. ते जिवंत असतात, उन्हात मरतात, फवारणीयंत्राची बारीक चाळणी काढली नाही तर तिच्यात अडकून मरतात. पार्सल आलं की फ्रिजमध्ये ठेवा आणि मुदतीआत वापरा. अळ्या मोठ्या झाल्यावर, म्हणजे वसंतात, हे फवारण्यात पैसे जातात, फळ नाही.

बाकी ओट्यावरचं आमंत्रणही बंद करा: पक्ष्यांच्या दाण्याखालचा सडा, मांजरीची वाटी, झाकण नसलेला कंपोस्ट. पितृपक्षात डेकच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवणारी घरं न्यू जर्सीतल्या एडिसन गावाकडे पुष्कळ आहेत. कावळा शिवो न शिवो, संध्याकाळी ते पान आत घ्या.

कोथरूडकर

विषय थोडा वेगळा, पण पुण्यात आमच्या कौलांखाली उदमांजर येतं. हीच जाळी चालेल का?

सुतारपक्षी

जाळी तीच, जागा उलटी. स्कंक उकरतं आणि त्याला चढता येत नाही. उदमांजर उत्तम चढतं, त्यामुळे तुमचं काम छताच्या कडेला, कौलं आणि भिंतीच्या फटीला, आणि छपरावर आलेल्या फांद्या छाटायला. पिल्लांसाठी एकच ठरावीक महिना धरता येत नाही, म्हणून बंद करण्यापूर्वी बॅटरीने माळा नीट बघा. उदमांजर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, स्वतः पकडू नका. पिल्लं दिसली किंवा प्राणी अडकला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन.

चढता येत नाही यावरून आठवलं, डेकवाले: तुमच्या तळघराच्या खिडक्यांना बाहेरून पत्र्याच्या विहिरी (खिडकीसमोरचे पत्र्याने अडवलेले खड्डे) असतील तर त्यात स्कंक पडतं आणि अडकतं. हात घालू नका. सहा इंच रुंद फळीवर दर सहा इंचांना आडव्या पट्ट्या ठोका, ४५ अंशांहून कमी उतारावर हळूच आत सोडा, वरच्या टोकाला चीजचा तुकडा ठेवा आणि सगळे आत जा. अंधार पडल्यावर ते आपलं आपण जाईल. नंतर विहिरीवर प्लास्टिकचं झाकण बसवा.

डेकवाला

सगळ्यांचे आभार. शेवटचं: झडप लावल्यावर आत कुणी उरलं नाही हे कसं ओळखायचं? आणि मला ऑगस्टमध्ये जमलं नाही तर?

सुतारपक्षी

झडपेच्या आतल्या बाजूला, भोकाच्या तोंडात, वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे सैल भरा. बाहेर फरशीवर मैद्याचा पातळ थर. स्कंकच्या पुढच्या-मागच्या दोन्ही पायांना पाच बोटं असतात आणि पुढच्या नखांचे ठसे बोटांच्या बरेच पुढे उमटतात. मांजराला चारच बोटं दिसतात आणि नखं उमटत नाहीत. सलग तीन कोरड्या रात्री बोळे जागचे हलले नाहीत, पिठात बाहेर जाणारे ठसे नाहीत, तर आत कुणी नाही. पावसाची रात्र मोजू नका, पाऊस लागला की ती आतच बसतात. मग झडप काढून तिथे जाळीचा तुकडा लावा आणि चर पुरा करा. आतून नाही पण बाहेरून उकरल्याच्या खुणा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, जुनी भाडेकरू आठवडाभर प्रयत्न करते आणि मग सोडून देते.

ऑगस्ट ते ऑक्टोबर केव्हाही चालेल. थंडी पडल्यावर मात्र नाही. स्कंक पूर्ण शीतनिद्रा घेत नाही, पण कडाक्याच्या थंडीत कित्येक दिवस बाहेर येत नाही, कधी कधी अनेक माद्या एकाच बिळात असतात. तेव्हा बोळे तसेच राहतात आणि आत अख्खं कुटुंब झोपलेलं असतं. ऑक्टोबर हुकला तर मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य, पिल्लं व्हायच्या आधी. ८११ चा फोन तेव्हा नव्याने करावा लागेल, जुन्या खुणांची मुदत संपलेली असते.